साडेसहा वर्षांची वाट

४ सप्टेंबर २०२५. भारतात संध्याकाळचे साडेसात वाजले आणि संगणकावरचे गेम विकणारं जगातलं सर्वांत मोठं दुकान, 'स्टीम', गर्दीखाली दबलं. विकत घ्यायचं बटण दाबलं की पैसे भरण्याऐवजी एररचा संदेश यायचा. निन्टेन्डो, प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्स यांच्या ऑनलाइन दुकानांतही तीच रड. ज्या गेमसाठी ही झुंबड उडाली त्याचं नाव 'होलो नाइट: सिल्कसाँग'. किंमत वीस डॉलर, म्हणजे मोठ्या कंपन्यांच्या गेमच्या तुलनेत एक तृतीयांशाहूनही कमी. बनवणारा स्टुडिओ 'टीम चेरी', ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेड शहरातला, आणि त्याची मुख्य मंडळी अवघी तीन. समीक्षकांना गेम आधी खेळायला दिला नव्हता. जाहिरातींचा भडिमार नव्हता. तरी पहिल्याच दिवशी एकट्या स्टीमवर एकाच वेळी पाच लाखांहून जास्त लोक तो खेळत होते.

ही तारीख जाहीर झाली होती अवघे दोन आठवडे आधी, २१ ऑगस्टला. ती ऐकून कित्येक छोट्या स्टुडिओंनी सप्टेंबरात येणारे आपापले गेम पुढे ढकलले. या लाटेत आपलं काम कुणाच्या नजरेला पडणार नाही, हे त्यांना लगेच कळलं. गेमची पहिली घोषणा मात्र १४ फेब्रुवारी २०१९ ची. साडेसहा वर्षं लोक थांबले, आणि थांबता थांबता त्यांची संख्या वाढत गेली. हे कसं घडलं ते नीट पाहिलं, तर गेमरांची उत्सुकता कशाची बनलेली असते ते बरंच उलगडतं.

सुरुवात पहिल्या गेमपासून करावी लागेल. 'होलो नाइट' फेब्रुवारी २०१७ मध्ये आला. ॲरी गिब्सन आणि विल्यम पेलन यांनी त्यासाठी २०१४ मध्ये किकस्टार्टरवर लोकवर्गणी काढली होती. मागितले होते ३५ हजार ऑस्ट्रेलियन डॉलर, जमले सुमारे ५७ हजार. कीटकांचं एक उद्ध्वस्त राज्य, जमिनीखाली पसरलेलं, नाव हॅलोनेस्ट. आपण त्यात एक न बोलणारा छोटा योद्धा असतो आणि हातात तलवारीच्या जागी एक खिळा. राज्याचं काय झालं हे कुणी सांगत नाही. पडक्या भिंती आणि एखाद-दुसरा शिलालेख यांवरून आपणच जुळवायचं. थोडं पुढे गेलं की ग्रीनपाथ नावाच्या हिरव्यागार भागात लाल झग्यातली एक मुलगी वाट अडवते. तिचं नाव हॉर्नेट. तिच्याकडे लांब सुई आहे आणि सुईला दोरा. सुई फेकते, दोऱ्याने परत ओढते, हवेतून सपकन अंगावर येते. नवख्याला ती बहुधा हरवतेच. मग पुन्हा, पुन्हा. दहाव्या-बाराव्या वेळी तिची प्रत्येक झेप बोटांना ओळखीची होते, आणि मग कुठे ती हरते.

'सिल्कसाँग'च्या घोषणेने सांगितलं की या वेळी तुम्ही हॉर्नेट आहात. मुळात वर्गणी देणाऱ्यांना कबूल केलेली ही एक जास्तीची सोय होती: त्याच गेममध्ये दुसरं पात्र घेऊन खेळता येईल. ती वाढत वाढत स्वतंत्र गेम झाली. ज्यांनी हॉर्नेटचे वार सोसले होते, त्यांना ही बातमी काय वाटली असेल याची कल्पना करून पाहा. तिची चपळाई त्यांनी समोरून पाहिली होती. आता ती त्यांच्या हातात येणार होती.

सिनेमाचा ट्रेलर आणि गेमचा ट्रेलर यांत मूलभूत फरक आहे, आणि गेमची उत्सुकता समजायची तर तो ध्यानात घ्यायला हवा. सिनेमाचा ट्रेलर त्या सिनेमाचाच तुकडा असतो. चित्रपटगृहात तेच चित्र पुन्हा दिसणार असतं. गेमचा ट्रेलर पाहताना मात्र गेमची मुख्य गोष्ट गैरहजरच असते, कारण ती बोटांत घडते. म्हणून मुरलेला गेमर ट्रेलरमध्ये चित्रं पाहतच नाही. तो क्रिया शोधतो. मला यात काय काय करता येईल?

उदाहरण द्यायचं तर, पहिल्या गेममध्ये शत्रूच्या डोक्यावर सरळ खाली वार केला की योद्धा वर उसळतो. खेळणारे याला 'पोगो' म्हणतात. काट्यांनी भरलेल्या दऱ्या लोकांनी एकामागून एक पोगो मारत ओलांडल्या आहेत. २०१९ च्या ट्रेलरमध्ये हॉर्नेट खाली झेपावली ती सरळ न येता तिरकी. पाहणाऱ्याला क्षणभरात निसटून जाणारी गोष्ट. पण ज्याने पोगोवर शेकडो तास घालवले आहेत त्याच्या बोटांना तिथेच कळलं की जुनी सवय मोडावी लागणार. अंतर वेगळं मोजावं लागणार, उडी आधी घ्यावी लागणार. तीच गोष्ट जखमा भरण्याची. जुन्या योद्ध्याला जमिनीवर स्थिर उभं राहून एकेक जखम भरावी लागे. हॉर्नेट हवेत असतानाही एका झटक्यात तीन जखमा बांधते, पण त्यासाठी साठवलेलं रेशीम खर्ची पडतं. मग लढाईचा ताल किती बदलेल? शत्रू किती वेगवान असतील? दोन-अडीच मिनिटांच्या चित्रफितीवरून लोकांनी गेमचं सगळं गणित मांडायला घेतलं. ते मांडता आलं, कारण जुना गेम त्यांच्या अंगात मुरला होता.

माझ्या मते उत्सुकतेचं मूळ इथे आहे. आधी हातांना लाभलेला अनुभव हवा, आणि त्याच्या पुढे एक मोकळी जागा हवी. अनुभव नसेल तर मोकळी जागा रिकामीच राहते. जागा नसेल तर अनुभवाची नुसती आठवण उरते.

पण एवढ्यावर साडेसहा वर्षं निघत नाहीत. जॉर्ज लोवेनस्टाइन या अर्थशास्त्रज्ञाने १९८७ मध्ये एक गमतीदार प्रयोग प्रसिद्ध केला. आवडत्या सिनेकलावंताचं चुंबन मिळणार असेल तर किती पैसे द्याल, असं त्याने लोकांना विचारलं; आत्ता लगेच, तीन तासांनी, एका दिवसाने, तीन दिवसांनी, एका वर्षाने आणि दहा वर्षांनी. सर्वांत जास्त किंमत मिळाली तीन दिवसांनंतरच्या चुंबनाला. वाट पाहण्यातच सुख असतं, आणि लोक त्याचेही पैसे मोजायला तयार असतात. मात्र वर्षभराचा पल्ला आला की किंमत घसरली. उत्सुकतेला आपली अशी एक मुदत असते. मग 'सिल्कसाँग'ची उत्सुकता त्या मुदतीपलीकडे टिकली कशी?

खेळणाऱ्यांनी ती टिकवली. घोषणेनंतर काही महिन्यांनी एक डेमो दिसला, पुढे एका नियतकालिकात मोठा लेख आला, आणि मग टीम चेरी जवळजवळ गप्प झाली. जून २०२२ मध्ये एक्सबॉक्सच्या कार्यक्रमात नवा ट्रेलर आला. इथे दाखवलेले गेम बारा महिन्यांत येतील, असं तेव्हा सांगितलं गेलं होतं; मे २०२३ मध्ये कळलं की त्या मुदतीत हा येणार नाही. या शांततेत लोकांनी आपापले उद्योग काढले. 'डेली सिल्कसाँग न्यूज' नावाचं एक यूट्यूब चॅनेल रोज व्हिडिओ टाकायचं आणि त्यात बहुतेक दिवशी एवढंच सांगायचं की आज काही बातमी नाही. गेमच्या घोषणांचा कोणताही मोठा कार्यक्रम आला की चाहते आपल्या चित्रांना विदूषकाचा रंग लावायचे: आज तारीख मिळेल ही आशा वेडी आहे हे ठाऊक असूनही आम्ही आशा धरतो, असा त्याचा अर्थ. कार्यक्रम संपायचा, बातमी नसायची, रंग पुढच्या खेपेसाठी राखून ठेवला जायचा. ज्यांनी 'होलो नाइट' कधी खेळलाच नव्हता असे लोक हा प्रकार पाहून विचारू लागले की ही मंडळी एवढी कशाची वाट पाहताहेत, आणि मग जुना गेम विकत घेऊन रांगेत येऊन उभे राहिले. थांबणाऱ्यांची संख्या वाढली ती अशी.

असं इतरत्रही घडलं आहे. 'एल्डन रिंग'ची घोषणा जून २०१९ मध्ये झाली आणि पुढचा ट्रेलर यायला जून २०२१ उजाडलं. मधल्या दोन वर्षांत चाहत्यांनी मनानेच राक्षस रचले, शस्त्रं रचली, त्यांच्या दंतकथा लिहिल्या, आणि जणू गेम येऊन गेला आहे अशा थाटात एकमेकांशी वाद घातले. 'ग्रँड थेफ्ट ऑटो ६'च्या चाहत्यांनी तर कंपनीच्या चित्रांतल्या चंद्राच्या कला मोजून ट्रेलरच्या तारखा काढल्या. बाहेरून पाहणाऱ्याला हा रिकामटेकडेपणा वाटतो. मला तो अजिबात तसा वाटत नाही. एखाद्या कलाकृतीवर जीव असलेल्या माणसांनी तिच्या अभावात स्वतः काही घडवावं, तेही अनोळखी लोकांसोबत, ही मोठी गोष्ट आहे. ही निर्मिती त्यांची आहे; तिच्यासाठी स्टुडिओने एक पैसाही खर्च केला नव्हता.

मोकळी जागा निर्मात्यानेच शब्दांनी भरून टाकली की काय होतं, त्याचं ठळक उदाहरण 'नो मॅन्स स्काय'. इंग्लंडमधल्या गिल्डफर्डचा 'हेलो गेम्स' हा छोटा स्टुडिओ. डिसेंबर २०१३ मध्ये त्यांनी एक अख्खं विश्व दाखवलं, ज्यातले ग्रह गणिती सूत्रांतून जन्मतात. त्यांची संख्या दोनचा चौसष्टावा घात, म्हणजे अठरावर अठरा शून्यं. प्रमुख शॉन मरी मुलाखतींत विचारलेल्या प्रश्नांना उत्साहाने होकार देत गेले. दुसरा खेळाडू त्या विश्वात भेटू शकेल का? हो, पण शक्यता फार कमी. ऑगस्ट २०१६ मध्ये गेम आला आणि अगदी सुरुवातीलाच दोन खेळाडू ठरवून एकाच ग्रहावर, एकाच ठिकाणी पोहोचले. दोघे तिथेच उभे होते आणि एकमेकांना दिसत नव्हते. संतापाचा जो डोंब उसळला, तो अनेक वर्षांच्या कल्पनांचा होता.

त्यानंतर हेलो गेम्सने बोलणं बंद केलं आणि काम सुरू ठेवलं. नोव्हेंबर २०१६ पासून एकामागून एक मोफत भर पडत गेली. जुलै २०१८ मध्ये खेळाडू एकमेकांना खरोखर भेटू लागले. आज त्या गेमबद्दल लोक आदराने बोलतात. डिसेंबर २०२३ मध्ये याच स्टुडिओने 'लाइट नो फायर' हा नवा गेम जाहीर केला, तेव्हा ज्यांनी शिव्या घातल्या होत्या त्यांतलेही बरेच पुन्हा उत्सुक झाले. भोळेपणाने नव्हे. या वेळी त्यांच्या पदरी कित्येक वर्षांचा अनुभव होता.

प्री-ऑर्डरबद्दल मात्र मला स्पष्ट बोलायचं आहे. गेम डब्यात यायचे तेव्हा दुकानातला साठा संपायची भीती असे. आगाऊ नोंदणीला अर्थ होता. डाउनलोड करायच्या गेमचा साठा कधीच संपत नाही. तरी 'सायबरपंक २०७७' साठी ८० लाख लोकांनी आधीच पैसे भरले होते. १० डिसेंबर २०२० ला तो आला, आणि जुन्या कन्सोलांवर त्याची अवस्था इतकी वाईट होती की सोनीने आठवडाभरात तो आपल्या ऑनलाइन दुकानातून काढून परतावे दिले. पुढे तो दुरुस्त झाला, चांगलाही झाला. पण न पाहिलेल्या मालाचे पैसे घेताना त्या कंपनीने खेळणाऱ्यांचा जिव्हाळा गहाण ठेवला होता, आणि तो हक्क तिचा नव्हता.

आपल्याकडे सर्वांत मोठी वाट पाहिली गेली ती वेगळ्याच कारणाने. २ सप्टेंबर २०२० ला 'पबजी मोबाइल'वर बंदी आली. टाळेबंदीचे दिवस होते. चार जणांचा स्क्वॉड, कानात हेडफोन, एकमेकांना आरडाओरडा करून सूचना, हीच कित्येक मुलांची मित्रांशी रोजची गाठभेट होती. दोनच दिवसांत 'फौजी' या गेमची घोषणा झाली. २६ जानेवारी २०२१ ला तो आला तेव्हा त्यात गलवान खोऱ्यातली एकट्याने खेळायची मोहीम होती. कट्ट्यावर बसणाऱ्या चौघांना ती एकट्याची मोहीम काय कामाची? नाराजी लगेच उमटली. मे २०२१ मध्ये 'बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया'ची पूर्वनोंदणी सुरू झाली तेव्हा पहिल्या दोन आठवड्यांतच नोंदणी दोन कोटींवर गेली. जुन्या खात्यातले कपडे, बंदुका, सगळं नव्या गेममध्ये आणता येणार होतं. गेम 'पबजी'चाच, नकाशे तेच. मुलं वाट पाहत होती ती आपल्या टोळीची. पुण्याच्या 'सुपरगेमिंग'चा 'इंडस' ऑक्टोबर २०२४ मध्ये आला त्याआधी त्याच्यासाठीही एक कोटीहून जास्त पूर्वनोंदण्या झाल्या; आपल्या मातीतलं, पण स्क्वॉडने खेळायचं काही हवं, ही भूक अजून शमलेली नाही.

आणि 'सिल्कसाँग'? वाट पाहणं संपल्यावर काय झालं, हेही सांगायला हवं. गेम अवघड निघाला, पहिल्यापेक्षा बराच. पहिल्याच आठवड्यात टीम चेरीने सुरुवातीच्या दोन-तीन लढाया थोड्या सौम्य केल्या, आणि त्यावरूनही दोन तट पडले. चिनी भाषांतर बोजड असल्याची तक्रार तिथल्या खेळाडूंनी मोठ्या संख्येने केली. ते सुधारायचं स्टुडिओने कबूल केलं. इतका उशीर का लागला, याचं गिब्सन आणि पेलन यांनी दिलेलं उत्तर साधं होतं: काम कुठे अडलं नव्हतं, नवनवं सुचत होतं आणि ते करण्यात मजा येत होती. गेम उघडला की ते पटतं. एखाद्या आडबाजूच्या खोलीत, जिथे शंभरातले पाचही खेळाडू जाणार नाहीत, तिथेही कुणीतरी मन लावून काहीतरी ठेवलेलं असतं. तिरक्या झेपेची सवय लागायला अनेकांना कित्येक तास लागले. काहींना ती झेप अजूनही आवडलेली नाही. ते हॉर्नेटला जुन्यासारखी सरळ खाली मारणारी सोय शोधून तीच वापरतात. ती सोयही स्टुडिओने गेममध्ये ठेवली आहे.