कादंबरी प्रकाशकाकडे गेल्यावर पुढे काय होतं?

काल एका मैत्रिणीने विचारलं, "कादंबरी पाठवून कितीतरी महिने झाले, वाचतात तरी का?"

वाचतात! मी एका प्रकाशकासाठी हस्तलिखितं वाचून अभिप्राय देतो.

पहिली चाळणी सारांश आणि सुरुवातीच्या प्रकरणांवर. मालवणचा मच्छीमार आणि पुण्याचा प्राध्यापक एकाच भाषेत बोलू लागले, की माझी पेन्सिल समासात जाते.

टिकलं तर पूर्ण वाचन, मग लेखी अभिप्राय.

शेवटचा निर्णय प्रकाशकाचा. त्यात पानं, कागदाचा खर्च, त्या वर्षीची पुस्तकांची यादी हेही आलं. त्यामुळे नकार आला म्हणजे लेखन टाकाऊ, असं नाही.

होकारानंतर संपादन. 'मौज' प्रकाशनाचे संपादक श्री. पु. भागवत संहितेवर लेखकाशी बारकाईने चर्चा करण्यासाठी ओळखले जात.

हस्तलिखित पाठवण्याआधी शंका असतील तर खुशाल विचारा.