वंशावळींतून गळालेले पुरुष : नंदुरबार प्रांताच्या कागदांवरून कांहीं विचार

वंशावळ म्हणजे घराण्याच्या स्मृतीची नोंद, असें सामान्यतः मानलें जातें. जुन्या दप्तरांशीं ज्यांचा परिचय आहे त्यांस हें मत फार वेळ टिकत नाहीं हें ठाऊक आहे. आमच्या पाहण्यांत आलेल्या बहुतेक वंशावळी कोणत्या ना कोणत्या वादांत दाखल करण्यासाठीं तयार झालेल्या आहेत. देशमुखी, देशपांडेपण, पाटीलकी अगर इनाम जमीन यांवर हक्क सांगावयाचा आणि तो मूळ पुरुषापासून आपल्यापर्यंत अखंड आणून दाखवावयाचा, एवढाच त्यांचा हेतु. या हेतूस जो उपयोगी नाहीं तो गळतो. निपुत्रिक वारलेला भाऊ, दत्तक दिलेला मुलगा, वांटणी घेऊन परगांवीं गेलेली शाखा; आणि लेकीसुना तर बोलूनचालून सर्वच. तेव्हां अमुक पूर्वज विसरला गेला असें म्हणण्यापेक्षां त्यास कोणीं व कां वगळलें असें विचारावें. आमचें मत असें कीं, त्याचा शोध त्याच्या घरच्या कागदांत फारसा लागत नाहीं. ज्यांचें त्याच्याशीं भांडण होतें, किंवा ज्यांस त्याच्यापासून कांहीं वसूल करावयाचें होतें, त्यांच्या कागदांत लागतो.

नंदुरबारच्या बाबतींत पहिली अडचण अंमलाची. आजचा जिल्हा १९९८ च्या जुलैंत धुळें जिल्ह्यांतून वेगळा निघाला. त्यापूर्वीं हा मुलूख पश्चिम खानदेशांत होता आणि १९०६ पूर्वीं नुसत्या खानदेशांत. आईन-इ-अकबरींत मात्र नंदुरबार हें माळवा सुभ्याचें एक सरकार म्हणून येतें. १७५२ च्या भालकीच्या तहानंतर येथें पेशव्यांचा अंमल बसला. नवापुराच्या पलीकडे सोनगडास गायकवाडांचें जुनें ठाणें. १८१८ सालीं इंग्रज आले. त्यामुळें एकाच घराण्याचे कागद फारशींत, मोडींत, क्वचित् गुजराथींत व शेवटीं इंग्रजींत विखुरलेले असावयाचे. पुण्यास पेशवे दप्तर चाळलें कीं काम संपलें, असें येथें होत नाहीं. बडोद्याकडे पाहिलें पाहिजे, आणि धुळ्याकडे तर पाहिलेंच पाहिजे. इतिहासाचार्य राजवाडे १९२६ च्या अखेरीस धुळ्यासच वारले व पुढील वर्षीं त्यांच्या नांवें तेथें मंडळ निघालें, हें वाचकांस विदितच आहे.

दुसरी अडचण काळाची. १८०२ सालीं यशवंतराव होळकरांच्या फौजांनीं खानदेश लुटला व लगेच पुढें १८०३-०४ चा दुष्काळ पडला. गांवेंच्या गांवें ओस झालीं. जे परत आले त्यांनीं इंग्रजी अंमलांत आपली हकीकत आठवणीनें लिहून दिली. जे आले नाहींत त्यांची हकीकत देणारें कोणी उरलें नाहीं. म्हणून या प्रांताची वंशावळ हातीं आली कीं प्रथम १७८० ते १८२५ एवढाच भाग तपासावा. पिढीस पंचवीस-तीस वर्षें धरून त्या अवधींत दोन पुरुष तरी हवेत. एकच सांपडला, तर तो दीर्घायुषी होता असें मानण्याची घाई करूं नये.

पुष्कळदां गळति लेखकाच्या हातून झालेली असते. आजाचें नांव नातवास ठेवण्याची आपली चाल. त्रिंबक वल्लद माधव वल्लद त्रिंबक वल्लद माधव अशी ओळ नकलणाराच्या डोळ्यांपुढें आली म्हणजे तो पहिल्या माधवावरून दुसऱ्यावर उतरतो आणि दोन पुरुष एका दमांत नाहींसे होतात. याच्या जोडीला सनांचा घोटाळा. पेशवाई कागदांत ‘इसन्ने समानीन मया व अलफ’ असा सन असला तर तो ११८२. त्यांत ५९९ मिळविले कीं मृगापासून इ. स. १७८१-८२ हें वर्ष येतें. त्याच वर्षाचा दक्षिणी फसली सन ११९१. आंकड्यांत लिहिलेला सुरसन फसली समजून जो ५९० मिळवील तो नऊ वर्षें मागें जाईल. नऊ वर्षें म्हणजे फार नव्हे असें वाटेल, पण थोरला भाऊ धाकट्याच्या जागीं जाऊन बसण्यास तेवढीं पुरतात, आणि वतनाचा मान वडीलपणावर असे!

आतां विरुद्ध पक्षाच्या कागदांविषयीं. वाद गोतापुढें अगर सरकारांत पडला म्हणजे अग्रवादी व पश्चिमवादी या दोघांचे करीने लिहून घेत आणि निवाडपत्रांत ते दोनहि उतरून मग निर्णय देत. संग्राहक बहुधा शेवटचा निर्णय वाचतात, शिक्के पाहतात आणि कागद रुमालांत बांधून ठेवतात. हरलेल्याचा करीना मध्येंच पडून राहतो. जिंकलेल्यानें आपल्या वंशावळींतून काढून टाकलेला चुलता तेथें आपल्या मुलांसह उभा असतो. करीन्यांत अतिशयोक्ति असते हें खरें. परंतु भाऊबंद खोटा पक्ष मांडतांनाहि अस्तित्वांत नसलेला चुलता सहसा निर्माण करीत नाहीं, कारण समोर सारें गोत बसलेलें असे.

इंग्रजी अंमलांत १८५२ च्या कायद्यानें इनाम कमिशन बसलें व इनामदारांकडून कैफियती घेतल्या गेल्या. १८७४ च्या वतन कायद्याखालीं वतनदारांच्या वारसांच्या नोंदी झाल्या. या नोंदी व्यवस्थित खऱ्या, पण १८८६ च्या पांचव्या कायद्यानें, शेवटच्या वतनदाराची विधवा सोडून, कुटुंबांतील सर्व स्त्रियांचा वारसा सर्व पुरुषांच्या मागें ढकलला, आणि मुलींचीं नांवें लिहिण्याचें प्रयोजन संपलें. तीं हवीं असतील तर नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांकडे जावें. तेथें यात्रेकरू स्वहस्तें आपली माहिती लिही, बरोबरची आई, बायको, बहीण नांवानिशीं येत. शहादें-तळोद्याकडील रजपूत व गुजर घराण्यांस भाटांच्या वह्यांचाहि आधार मिळतो. मात्र वरच्या पिढ्यांत भाट सढळ असतो.

परगणा व कुलकर्णी वतनें १९५० च्या व पाटीलकी १९६२ च्या कायद्यानें गेली. वंशावळ आतां निरुपद्रवी झाली असें कोणास वाटलें असेल. पण ती पुन्हा कचेरींत आली आहे. जातीच्या दाखल्याच्या पडताळणींत अर्जदारास वंशावळ शपथेवर द्यावी लागते आणि जमातींच्या बाबतींत १९५० पूर्वींच्या नोंदींस विशेष वजन असतें. शाळेचें जुनें रजिस्टर, गांव नमुना १४ ची जन्ममृत्यूची नोंद, कोतवाल बुक यांस त्यामुळें अचानक भाव आला. २०२३ मध्यें निवृत्त न्यायमूर्ति शिंदे यांची समिति कुणबी नोंदींसाठीं नेमली गेली तेव्हां मोडी वाचणारांचीहि अशीच वाण पडली. या गर्दींत हवा तो दुवा मध्यें घालून देण्याचा मोह मोठा आहे. म्हणून आम्ही असें सुचवितों कीं, अनुमानानें बसविलेला पुरुष तुटक रेषेनें दाखवावा, व कोणत्या कागदावरून बसविला तें शेजारीं लिहावें.

सातपुड्यांत, अक्राणी व अक्कलकुव्याकडे, वतनाचे कागद बहुतांशीं नाहींतच. तेथील भिल्ल व पावरा कुटुंबांस २००६ च्या वनहक्क कायद्याखालीं आपला जुना कब्जा दाखवावा लागतो, आणि २००७ च्या नियमांत पूर्वीच्या नोंदींतील व्यक्तींपर्यंत वंश जुळवून दाखविणें हाहि एक पुरावा म्हणून सांगितला आहे. आतां या नोंदी कोणत्या? ज्या आजास जंगल खात्यानें अतिक्रमक म्हणून दंड केला, त्याच्या दंडाची पावती. खात्यानें त्याच्याविरुद्ध लिहिलेलें त्याचें नांव, गांव व साल हाच आज त्याच्या नातवाचा आधार. अशा पावत्या अद्याप घरोघर, छपराच्या वाशांत, पेटींत, गांठोड्यांत मिळतात. शंभर-दोनशें वर्षांच्या सनदेपुढें त्या क्षुद्र दिसतात खऱ्या, परंतु ज्या संग्राहकांस डोंगरांत जाणें होतें त्यांनीं त्यांच्या नकला करून मूळ पावत्या ज्याच्या त्याच्या घरींच ठेवाव्या.