लोहाचे इंजेक्शन : भीती नको, हयगयही नको

आमच्या वस्तीतील एका गरोदर भगिनीचे हिमोग्लोबिन ७.५ भरले. डॉक्टरांनी लोहाचे सलाईन सांगितले. सासूबाई अडून बसल्या, "असलं काळपट पाणी अंगात कशाला?" आम्ही दोनदा घरी जाऊन समजूत घातली, तेव्हा कुठे त्या स्वतः सुनेला घेऊन दवाखान्यात गेल्या.

लोह हे खनिज कमी पडले की रक्त कमी होते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १५ ते ४९ वयाच्या शंभरातील ५७ स्त्रियांना रक्तक्षय आढळला. गरोदरपणी हिमोग्लोबिन ११ च्या खाली म्हणजे रक्तक्षय, ७ च्या खाली म्हणजे गंभीर. अशा वेळी बाळंतपणातील रक्तस्राव जिवावर बेततो.

पहिला उपाय गोळ्यांचाच. त्या सोसत नसतील, गुण येत नसेल किंवा दिवस भरत आले असतील, तर आयर्न सुक्रोज सलाईनमधून हळूहळू शिरेत देतात. पहिल्या तीन महिन्यांत मात्र देत नाहीत.

हे औषध सोय असलेल्या दवाखान्यातच घ्यावे. घरी कोणाकडूनही टोचून घेऊ नये. पूर्वीची ॲलर्जी, ताप, सिकलसेल, थॅलेसेमिया असल्यास आधीच सांगावे. सलाईन चालू असताना दम लागला, पुरळ उठले, चक्कर आली किंवा सुईची जागा जळजळली, तर सिस्टरला ताबडतोब हाक मारावी. नंतर निदान अर्धा तास तिथेच थांबावे. लोहाच्या गोळ्या पुन्हा कधी सुरू करायच्या, हेही विचारून घ्यावे.

माता-भगिनींनो, संकोच सोडा. आजच रक्त तपासून घ्या!