ऐंशी बिटांची तक्रार

सी भाषेचं प्रॅक्टिकल सुरू असतं. एक भागाकार करून तो व्हेरिएबलमध्ये ठेवायचा आणि तोच भागाकार पुन्हा करून दोन्ही उत्तरं सारखी आहेत का ते बघायचं, एवढंच काम. उत्तर येतं: सारखी नाहीत. काय बिघडलं ते पाहायला पोरगं मध्ये एक प्रिंटफ, म्हणजे किंमत छापायची ओळ, टाकतं, तर उत्तर उलटं होतं. "सर, प्रिंटफ टाकला का गलती पयते!" बडनेऱ्यात अंजनगाव बारी रोडवर १९८३पासून इंजिनिअरिंग कॉलेज आहे. तिथे काय किंवा अकोल्या-अमरावतीच्या दुसऱ्या कॉलेजांत काय, जुन्या पेंटियम मशिनवर सी शिकलेल्या कुणालाही ही गंमत भेटलेली असू शकते. बहुतेक वेळा दोष पोराच्या माथी मारला जातो आणि जर्नलवर सही होते.

पोराचं चुकलेलं नसतं. त्या प्रोसेसरमधल्या दशांश गणिताच्या रजिस्टरची रुंदी ८० बिट, आणि मेमरीतल्या 'डबल' संख्येची ६४. एक उत्तर मेमरीत जाऊन शेपूट छाटून आलं आणि दुसरं रजिस्टरमध्येच पूर्ण लांबीचं राहिलं, तर दोन्ही जुळणार कशी? मध्ये प्रिंटफ आला की रजिस्टर रिकामं करावं लागतं, दोन्ही संख्यांची शेपटं छाटली जातात आणि त्या जुळतात. लिहिलेल्या प्रोग्रामचं यंत्रभाषेत भाषांतर करणाऱ्या साधनाला कंपायलर म्हणतात; जीसीसी या कंपायलरच्या दोषनोंदीत ही तक्रार ३२३ क्रमांकावर, २००० साली दाखल झाली. तीच पुढे इतक्या जणांनी इतक्यांदा केली की ३२३ हा आकडाच त्या क्षेत्रात ओळखीचा झाला.

हा कंपायलरचा दोष नाही, चिपचा स्वभाव आहे, असं जीसीसी सांभाळणारी मंडळी बरीच वर्षं म्हणत राहिली. पण १९९९चं सी भाषेचं मानक स्पष्ट सांगतं की व्हेरिएबलमध्ये किंमत ठेवली की जास्तीची अचूकता टाकलीच पाहिजे. अखेर २०१०मध्ये, ४.५ या आवृत्तीत, मानकाप्रमाणे वागायला लावणारा पर्याय आला. तोवर ६४-बिट प्रोसेसर रुळले होते. त्यांवर हे गणित वेगळ्या रजिस्टरांत चालतं, त्यामुळे दुखणं आपोआप ओसरलं. तरीही दुरुस्ती केली गेली, आणि ती व्हायलाच हवी होती. जगभरच्या प्रोग्रामरांनी ज्याच्या शब्दावर विसंबायचं, त्याने दिलेला शब्द पाळला पाहिजे.

रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८७मध्ये जीसीसी खुला केला. आज त्याचा सोर्स कोड कोटीच्या वर ओळींचा आहे. लिनक्सचा गाभा प्रामुख्याने त्याच्यावरच घडला. एवढ्या पसाऱ्यात एक फाइल मराठी वाचकाने मुद्दाम उघडून बघावी अशी आहे. तिचं नाव जीसीएसई. एकच हिशेब प्रोग्राममध्ये दोनदा होत असेल, किंवा एका वाटेने आलं तर दोनदा आणि दुसरीने आलं तर एकदाच होत असेल, तर जादाचा हिशेब हुडकून काढायचं काम तिच्याकडे. फाइलच्या डोक्यावर लांबलचक टिपण आहे आणि त्यात आधारभूत लेखांची यादी. त्या यादीत डी. एम. ढमढेरे हे नाव एकाहून अधिक वेळा येतं; त्यांतला एक लेख १९८८चा, एक १९९१चा. हे आयआयटी मुंबईत प्राध्यापक होते. सिस्टिम्स प्रोग्रामिंगवरचं त्यांचं पाठ्यपुस्तक आपल्याकडच्या कितीतरी विद्यार्थ्यांच्या दप्तरात होतं. त्यांचं संशोधन जगातल्या सर्वांत जास्त वापरल्या जाणाऱ्या कंपायलरांपैकी एकाच्या पोटात बसलं आहे, हे मात्र त्यातल्या फार थोड्यांना कुणी सांगितलं.

कंपायलरने प्रोग्राममध्ये अशी सुधारणा करायची म्हणजे नेमकं काय, ते एका उदाहरणात पाहू. एखाद्या पूर्णांकाला दोनने गुणून लगेच दोनने भागलं, तर दोन्ही क्रिया उडवून मूळ संख्याच ठेवावी, हे कुणालाही सुचेल. संख्या चिन्हासह असेल तर कंपायलरला तशी मुभा आहे, कारण तिथे संख्या मर्यादेबाहेर जाणं मानकाने बेकायदा ठरवलं आहे. बिनचिन्हाच्या ३२ बिटांच्या संख्येत मात्र तसं केलं की घात. ३०० कोटींची दुप्पट ६०० कोटी, पण जागेत मावतात साधारण ४२९ कोटी. फिरून उरतात सुमारे १७० कोटी, त्याचे निम्मे ८५. बरोबर उत्तर ८५ कोटी आहे, ३०० नाही. म्हणून असा एका ओळीचा नियम जोडताना लिहायला पाच मिनिटं लागतात आणि तो कुठे कुठे लागू होत नाही हे तपासण्यात आठवडा जातो. या कामाची खरी प्रतिष्ठा त्या आठवड्यात आहे, असं मला वाटतं.

दुरुस्तीची रीतही समजून घेण्यासारखी आहे. बडनेऱ्यात रेल्वेचा वॅगन दुरुस्तीचा कारखाना आहे. तिथे वॅगन गाडीतून सोडवून आणली की शांतपणे हात घालता येतो. कंपायलर असा बाजूला काढता येत नाही, कारण तो स्वतःलाच घडवतो. जुन्या कंपायलरने नवा बांधायचा, त्या नव्याने पुन्हा स्वतःला बांधायचं, आणि तिसऱ्यांदा तेच. दुसऱ्या आणि तिसऱ्या फेरीतून निघालेल्या फाइली तंतोतंत जुळल्या तरच पॅच, म्हणजे कोडमधला प्रस्तावित बदल, पुढे सरकतो. एका बाइटचा फरक निघाला तरी काम थांबतं. त्यानंतर हजारो चाचण्या. जुन्या चाचण्यांची नावं नुसत्या तारखांची आहेत, पुढच्यांना दोषाचा क्रमांक मिळाला.

दोष सापडतात कसे? बरेचसे वापरणाऱ्यांना ठेच लागून. पण अमेरिकेतल्या युटा विद्यापीठातल्या जॉन रेगेहर आणि सहकाऱ्यांनी सी-स्मिथ नावाचं साधन केलं. ते स्वतःच वेडेवाकडे पण कायदेशीर सी प्रोग्राम लिहितं. तोच प्रोग्राम वेगवेगळ्या कंपायलरांना द्यायचा. उत्तरं जुळली नाहीत तर कुणीतरी चुकतंय. २०११मध्ये त्यांनी हिशेब मांडला तेव्हा तीन वर्षांत ३२५हून जास्त नवे दोष सापडले होते, आणि तपासलेला प्रत्येक कंपायलर कुठेतरी अडखळला होता. सर्वांत वाईट दोष तो, ज्यात कंपायलर कुरकुर न करता चुकीचं यंत्रभाषांतर देतो. कंपायलर स्वतःच कोसळला तर निदान कळतं तरी.

आपल्याकडे ही दारं उघडायचा मनापासून प्रयत्न आयआयटी मुंबईत उदय खेडकर यांनी केला. जीसीसी रिसोर्स सेंटर, जीसीसीच्या अंतरंगावरच्या कार्यशाळा, आणि अमिताभ सन्याल व बागेश्री करकरे यांच्यासोबत २००९मध्ये आलेला डेटा फ्लो अॅनालिसिसवरचा ग्रंथ. कंपायलर हा परीक्षेपुरता पाठ करायचा विषय नसून हात घालायची वस्तू आहे, हे त्यांनी शिकवलं. विद्यापीठांच्या अभ्यासक्रमात ही दृष्टी अजून यायची आहे. पार्सिंगचे तक्ते भरण्यात सेमिस्टर संपतं आणि एकही खरा दोष पोरांच्या नजरेखालून जात नाही, याचं मला वाईट वाटतं.

पूर्वी जीसीसीला मोठा पॅच द्यायचा तर त्याचा कॉपीराइट 'फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन' या संस्थेच्या नावे करावा लागे. नोकरी करणाऱ्याला मालकाचंही संमतिपत्र आणावं लागे. जून २०२१पासून ती सक्ती गेली. आता पॅचखाली आपल्या नावाची एक ओळ लिहिली तरी चालतं. आणि पहिल्याच दिवशी पॅच लिहायची गरजही नाही. कुणीतरी दोन हजार ओळींचा प्रोग्राम जोडून तक्रार करून ठेवलेली असते. एकेक ओळ काढत, प्रत्येक वेळी दोष अजून दिसतो का ते बघत, तो दहा ओळींवर आणायचा. सांभाळणाऱ्यांना याच कामाला माणसं हवी असतात, आणि त्याला साधा लॅपटॉप पुरतो. दोष दुरुस्त झाला की त्या दहा ओळी चाचणी म्हणून कोडमध्येच ठेवल्या जातात, आणि त्यानंतरचा प्रत्येक पॅच त्यांच्यावरून तपासला जातो.