शिलालेख आणि पुस्तकातले ठिपके

अंबरनाथच्या शिवमंदिरात शके ९८२ चा, म्हणजे इ. स. १०६० चा शिलालेख आहे. दगडावरचे अक्षर झिजले, की ते आपले आपण भरून येत नाही. आता पाठ्यपुस्तकातला क्यूआर कोड पाहा. जपानच्या मासाहिरो हारा यांनी १९९४ मध्ये तो मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी तयार केला. कोड कसाही धरला, तरी तीन कोपऱ्यांतील मोठ्या चौकोनांवरून त्याची दिशा कळते. माहितीसोबत दुरुस्तीचे जादा ठिपकेही असतात. म्हणून थोडा भाग खराब झाला, तरी कोड वाचता येतो. मधला एखादा ठिपका कागदाच्या कपट्याने झाकून स्वतःच पडताळा!

सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पुस्तकांना असे कोड जोडले. २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार त्यांना मिळाला.

मात्र पुस्तकातल्या कोडात बहुधा धडा नसतो, धड्याचा पत्ता असतो. ज्याच्या घरी मोबाइल नाही, त्याच्या हाती पत्ता असूनही दार बंदच! तुमच्या वर्गात असा कोणी आहे का? मग पुढचा धडा त्याला शेजारी बसवूनच पाहा.