एका भाकरीचे वाटेकरी

मराठी बायबलमध्ये येशूने शेवटच्या रात्री शिष्यांसमोर जी मोडली, ती ‘भाकर’ आहे. मूळ ग्रीक शब्द ‘आर्तोस’. त्याचे भाषांतर रोटी, पोळी किंवा पाव असेही करता आले असते. भाषांतरकारांनी भाकर निवडली. नांदेड-लातूरकडच्या माणसाला भाकर म्हटले की ज्वारीची भाकरी आठवते, आणि १९७२चा दुष्काळ पाहिलेल्यांना तिच्यासोबत भूकही आठवते. त्यामुळे ‘जीवनाची भाकर’ हे शब्द आमच्या भागात ऐकताना त्यांना एक वेगळे वजन येते.

मी जन्माने ख्रिस्ती नाही आणि धर्मशास्त्राचे रीतसर शिक्षणही घेतलेले नाही. मराठवाड्यात माणसे धर्माच्या नावाने एकत्र कशी जेवतात, या एका प्रश्नामागे गेली काही वर्षे फिरतो आहे. सप्ताहातला काला, उरुसाचा कंदुरी, गुरुद्वाऱ्याचा लंगर असे करत करत मी प्रभुभोजनापाशी पोहोचलो. प्रोटेस्टंट मंडळी त्याला प्रभुभोजन म्हणतात. कॅथलिकांकडे ते मिस्सेचा, म्हणजे ख्रिस्तयागाचा गाभा असते. ‘कम्युनियन’ हा शब्द दोन्हीकडे चालतो. बाहेरच्या माणसाला दिसते ते एवढेच: भाकरीचा एक तुकडा आणि द्राक्षरसाचा एक घोट. पोट भरण्यासाठी हे नाही, हे उघड आहे. मग कशासाठी?

या विधीचा सर्वांत जुना लेखी उल्लेख चार शुभवर्तमानांत नाही. तो त्यांच्याही आधी, इसवी सन ५५च्या सुमारास, संत पौलाने करिंथ शहरातील मंडळीला लिहिलेल्या पत्रात आहे. हा उल्लेख येतो तो एका पंगतीच्या तक्रारीत. करिंथची श्रीमंत माणसे लवकर जमत, आपापले जेवण उरकून घेत. दिवसभर राबून उशिरा येणारे गरीब उपाशी राहत. पौल त्यांना बजावतो की तुम्ही करता ते प्रभूचे भोजनच नव्हे. ‘शरीर’ न ओळखता जो खातो, तो स्वतःवर दोष ओढवून घेतो, असेही तो सांगतो. अनेक अभ्यासकांच्या मते इथे शरीर म्हणजे केवळ भाकरीतला ख्रिस्त नव्हे. शेजारी बसलेली माणसेही त्यात आली. त्याच पत्रात थोडे आधी तो म्हणतो की भाकर एक आहे आणि आपण सारे तिचे वाटेकरी आहोत, म्हणून आपण पुष्कळ असूनही एक शरीर आहोत. ‘कम्युनियन’ या लॅटिन वळणाच्या शब्दामागे पौलाचा ग्रीक शब्द आहे ‘कोइनोनिया’, म्हणजे वाटेकरीपण. मराठी ख्रिस्ती त्याला सहभागिता म्हणतात.

या विधीचे अर्थ मुख्यतः तीन. पहिला स्मरणाचा. येशूचे ते भोजन वल्हांडण सणाच्या दिवसांतले होते आणि वल्हांडण म्हणजे मिसरच्या गुलामीतून सुटकेची आठवण. ज्यू परंपरेत प्रत्येक पिढीने ही सुटका जणू आपलीच झाली असे मानायचे असते. प्रभुभोजनातले स्मरण याच जातीचे आहे. गेलेल्याची नुसती आठवण काढणे एवढाच त्याचा अर्थ नाही. घडून गेलेल्यात आज सामील होणे असा आहे. दुसरा अर्थ कृतज्ञतेचा. या विधीचे ‘युखॅरिस्त’ हे नावच आभार मानण्यावरून पडले. तिसरा सहभागितेचा, आणि तो दुपदरी आहे: देवाशी आणि माणसाशी.

ख्रिस्त भाकरीत नेमका कसा असतो, यावर मात्र युरोपात शतके वाद झाला. भाकर आणि द्राक्षरस यांचे मूळ द्रव्यच पालटते, दिसणे-चवीचे गुण तेवढे तसेच राहतात, हा कॅथलिक सिद्धान्त १२१५च्या लॅटरन परिषदेत शब्दबद्ध झाला आणि १५५१मध्ये ट्रेंट येथे पक्का झाला. ल्यूथर म्हणाला, भाकर भाकरच राहते, पण ख्रिस्त तिच्यात खरोखर असतो. झ्विंग्लीने ते चिन्ह आणि स्मरण मानले. १५२९ साली मारबुर्गला हे दोघे समोरासमोर बसले. इतर बहुतेक मुद्द्यांवर जुळले आणि नेमके इथेच फुटले. एकत्र जेवण्याच्या विधीवरूनच मंडळी वेगळ्या पंगतींना बसली.

महाराष्ट्रात हा विधी आला तेव्हा त्याची गाठ वेगळ्याच प्रश्नाशी पडली. भाकरीत ख्रिस्त आहे की नाही, यापेक्षा ती कोणाच्या हातची आहे आणि प्याल्याला आधी कोणाचे ओठ लागले आहेत, हे इथे मोठे होते. आपल्याकडे जात रोटीव्यवहारात आणि बेटीव्यवहारात राहते. परजातीचे उष्टे म्हणजे तर विटाळाची परिसीमा. अशा समाजात एकच प्याला सर्वांनी तोंडाला लावायचा, ही गोष्ट कुठल्याही प्रवचनाहून स्फोटक होती.

तिचा धाक किती होता, हे दोन प्रसंगांवरून कळते. १८४९मध्ये मुंबईत दादोबा पांडुरंग तर्खडकर आणि त्यांच्या मित्रांनी परमहंस सभा काढली. जातिभेद मोडणे हे तिचे ध्येय, आणि प्रवेशाची कसोटी होती ख्रिस्ती भटारखान्यातल्या पावाचा तुकडा खाणे. हे ख्रिस्ती प्रभुभोजन नव्हते. तरीही बंधुत्वाची खूण म्हणून त्यांना सुचला तो पावाचा तुकडाच. सभा गुप्त होती. सभासदांची नावे फुटण्याची वेळ आली तेव्हा ती मोडली. दुसरा प्रसंग पुण्याचा. १८९०मध्ये पंचहौद मिशनमध्ये चहा-बिस्किटे दिली गेली. उपस्थितांत न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळकही होते. नावे छापून आली, ग्रामण्य माजले, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. रानड्यांनी पुढे प्रायश्चित्त घेतले. एका कपाची ही कथा!

लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखी आहेत. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला तेव्हा बाईंचे सोवळे शाबूत होते. ते कसे ढिले झाले आणि शेवटी गळाले, हे त्या सांगतात ते स्वयंपाकघर आणि पाण्याचे भांडे यांच्या भाषेत. त्यांच्यापुरती धर्मांतराची खरी चढण तिथेच होती.

मग एका भाकरीने जात संपली का? नाही. वेगवेगळ्या जातींतून आलेले ख्रिस्ती लोक देवळात एका विधीला बसत आणि बाहेर आपापल्या रोटी-बेटीच्या कुंपणात परतत, ही तक्रार भारतातल्या मिशनांना वारंवार करावी लागली. सोयरिकीच्या वेळी जुनी जात आजही विचारली जाते. प्याल्याचेही रूप बदलले. १८६९मध्ये अमेरिकेत टॉमस वेल्च या मेथडिस्टाने न आंबणारा द्राक्षरस तयार केला. पुढे आरोग्याच्या कारणाने एकेकाला वेगळी पेली देण्याची रीत आली. आज अनेक प्रोटेस्टंट मंडळींत अशाच छोट्या पेल्या फिरतात. आरोग्याचे कारण खरेच आहे. पण उष्ट्याचा प्रश्न न सोडवताच तो टळला, असे मला वाटते.

नांदेडच्या लंगरात पोटभर जेवण मिळते. भुकेल्याला रांगेत बसवणे हाच तिथला धर्म. आमच्याकडच्या सप्ताहाच्या काल्यात साऱ्यांच्या शिदोऱ्या एकात मिसळतात, आणि कथेतला कृष्ण गोपाळांचे उष्टे आवडीने खातो. प्रभुभोजन या दोन्हींच्या जवळचे असूनही वेगळे आहे. प्रसादात आपण देवाला दाखवलेले परत घेतो. इथे देव स्वतःलाच मोडून वाटतो, अशी श्रद्धा आहे. योहानाच्या शुभवर्तमानात तर त्या रात्री भाकर मोडल्याचे वर्णनच नाही. त्या जागी येशू शिष्यांचे पाय धुतो. दोन्हींचा अर्थ एकच घ्यायचा, असे त्यातून सुचते.

सहभागितेची किंमत आजही मोजावी लागते. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ साली शीख आणि १९९० साली बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती आले नाहीत. या मेजावर कायमचा बसणारा दलित माणूस कागदावर आपली जात गमावतो. गावात मात्र ती त्याला चिकटलेलीच असते. करिंथच्या उशिरा येणाऱ्या मजुरासारखा तो दोन्हीकडून उपाशी राहतो. पौलाने विचारलेला प्रश्न म्हणून जुना झालेला नाही. भाकरीत ख्रिस्त कसा आहे, याचे उत्तर श्रद्धावंतांनी द्यावे. शेजारी बसलेला माणूस त्या शरीरात धरला आहे की नाही, याचे उत्तर मात्र विधी संपल्यावर, देवळाबाहेरच्या पंगतीत द्यावे लागते.