शिंदळ माकुडी : कड्यावरील एक दुर्मिळ वनस्पति

दांडी-तारापूरकडील आमच्या वाडीवाल्या बंधूंस चिकूच्या कलमाची ओळख करून देण्याचें कारण नाहीं. रायणीच्या खुंटावर बांधलेलें कलम मूळ झाडासारखेंच फळ देतें, म्हणूनच आपण तें लावतों. परंतु हाच गुण एखादी दुर्मिळ रानवनस्पति वांचवितांना अपुरा कां पडतो, हें सह्याद्रीवरील शिंदळ माकुडीच्या उदाहरणानें आम्ही येथें सांगत आहों.

ही रुईच्या कुळांतील, रसाळ खोडाची लहान वनस्पति होय. एकोणिसाव्या शतकांत डाल्झेल या वनस्पतिशास्त्रज्ञानें तिचें वर्णन केलें, व 1862 ते 1867 पर्यंत मुंबईचे गव्हर्नर असलेल्या सर बार्टल फ्रिअर यांच्यावरून तिला ‘फ्रेरिया इंडिका’ हें नांव दिलें. महाराष्ट्राबाहेर ती रानांत आढळत नाहीं. शिवनेरी, पुरंदर, सज्जनगड, महाबळेश्वर अशा मोजक्या उंच ठिकाणीं, कड्याच्या भेगांतील चिमूटभर मातींत ती तग धरते. पावसाळ्यांत तिला पानें फुटतात, पुढें पिवळ्या ठिपक्यांचीं गडद तांबडीं फुलें येतात, आणि उन्हाळ्यांत पानें गळून केवळ खोडांत सांठविलेल्या पाण्यावर ती जगते.

तिच्यावरील संकटें अनेक आहेत. शेळ्यामेंढ्या जेथें पोंचतात तेथें तिचें रसाळ खोड उरत नाहीं; गुराखीही तें खातात. डोंगरावरील वाळल्या गवतास लागलेला वणवा कड्याच्या कडेपर्यंत जातो. दरडी कोसळतात, गडांवर नव्या वाटा व बांधकामें होतात. हौशी लोक रोपें उपटून नेतात. शिवाय तिच्या फुलांचें परागीकरण माश्या करतात. रोपें विरळ झालीं म्हणजे एकाचा पराग दुसऱ्यास मिळणें कठीण होतें, आणि बीं कमी धरतें.

कोणी म्हणेल, खोडाचा तुकडा कुंडींत खोंचला तरी ती रुजते, मग चिंता कसली? परंतु एका रोपाचे शंभर तुकडे लावले तरी तें शंभर ठिकाणीं एकच रोप होय. जो रोग एकास मारील, तो शंभरांस मारील. बियांपासून आलेल्या रोपांची प्रकृति निरनिराळी असते. त्यांतील एखादें अवर्षणांत, एखादें किडींत टिकतें. ही विविधता कड्यावर माश्या व बीं यांच्या योगेंच टिकते. कुंडींतील रोप उपयोगी खरें, पण तें कड्याची जागा घेऊं शकत नाहीं.

आपल्या किनाऱ्यावर ही वनस्पति होत नाहीं; पण धडा आपल्यासही लागू आहे. ज्या रायणीवर आपला चिकू उभा आहे, तीही मुळांत रानचीच. म्हणून आमची विनंति अशी : गडावर गेल्यास रोप उपटूं नये, विकतही घेऊं नये. अशेरी, काळदुर्ग या आपल्या डोंगरांवर गवतास आग लावूं नये. आणि बांधावर आपोआप उगवलेली रायण दिसल्यास ती तोडूं नये. बियांपासून आलेलें असें प्रत्येक झाड वेगळें असतें, व एकदां गेलेलें कलमानें परत आणतां येत नाहीं.